नानासोंनी निवडलेली चाकं

वडूजला आकारामच्या टायरच्या दुकानात नानासो पुकळे पहिल्यांदा शिरले तेव्हा त्यांनी पायताण दारात काढून ठेवलं. आकाराम आतून ओरडला, "नाना, घाला पायात, खिळं पडल्यात हितं." तसे ते परत दारात गेले, पायताण घालून आत आले आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या टायरांसमोर हात मागे बांधून उभे राहिले. घोड्याच्या बाजारात ते पहिल्या फेरीला कशालाच हात लावत नसत. नुसतं बघत पुढे जायचं. दुसऱ्या फेरीला मग जनावराचा पाय उचलायचा. इथेही त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या फेरीला एका जाडजूड टायरसमोर ते उकिडवे बसले आणि त्याच्या नक्षीत त्यांनी अख्खं बोट घातलं.

"ह्यात खडं अडकणार."

"अडकत्यात की. पण टायर लंगडत न्हाई नाना. पळता पळता खडा फेकून देतो."

"कुणाच्या अंगावर?"

"मागं असंल त्याच्या."

"मागं माझी मेंढरं असत्यात," नानासो म्हणाले आणि उठून पुढच्या टायरकडे गेले.

त्यांचा मुलगा बिरदेव बाहेर जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. आपण बापाला सोबत आणलं ही चूक झाली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याच्या मनातले टायर केव्हाच ठरले होते. रुंद, जाड रबरी बटणांचे, आणि त्यात काळ्या अलॉयची चाकं. मोबाइलवर तो त्यांचे फोटो बघत बसायचा आणि बायकोनं विचारलं तर हवामान बघतोय म्हणून सांगायचा.

ही जीप कशी आली तेही सांगायला हवं.

नानासोंचं गाव माणदेशात, दहिवडीच्या पूर्वेला. पावसाळाभर मेंढरं गावच्या माळावर चरतात. दिवाळी सरली की माळ भुंडा होतो, मग वाडा उठतो. वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या, सगळा चालता संसार. वडुजावरून रहिमतपूर, तिथून कृष्णाकाठ. तिकडे ज्यांचा ऊस तुटलाय, ज्यांचं रान मोकळं झालंय, ते शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. एका रानातून दुसऱ्या रानात असं करत उन्हाळा सरतो आणि वळवाच्या आधी वाडा घराकडे वळतो. नानासोंचा बाप असाच चालला, आजा असाच चालला.

बिऱ्हाड असायचं घोड्यावर. भांडी, घोंगडी, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्या, पीठ, चार कोंबड्या, आणि वाटेत जन्मलेली कोकरं. घोड्यावर काय चढवायचं नाही ते फक्त एकच, माणूस. एरवी एसटीत नाहीतर मोटारसायकलवर बसायला कोणाची ना नव्हती. पण वाडा चालत असताना मोठं माणूस बसून जात नाही. पाळण्यातलं पोर बसतं, ओली बाळंतीण बसते. बाकी सगळे मेंढरांच्या पायाबरोबर पाय टाकतात. हा नियम कोणी कोणाला शिकवलेला नव्हता. घोड्याच्या पाठीवर जागा नसायची हे खरंच, पण जागा असती तरी कोणी बसलं नसतं.

नानासोंची बायको हरणाबाई तशी एकदाच बसली होती. रहिमतपूरच्या अलीकडे एका बांधाला बिरदेव जन्मला तेव्हा. पाचवी पुजून वाडा उठला आणि पोराला पदरात घेऊन ती घोडीवर बसली. त्याचीही तिला लाज वाटली होती म्हणे. तिसऱ्या मुक्कामाला उतरली ती पुन्हा चढली नाही.

मग घोडी म्हातारी होऊन गेली. दुसरं घोडं मनासारखं मिळेना. तेवढ्यात कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजात काम करून कंटाळलेला बिरदेव गावी परत आला, तो एक जुनी फोर-व्हीलची जीप घेऊनच. तिचा मागचा भाग कापून त्यानं लोखंडी हौदा बसवला. हौद्याला दोन मजले केले. वर भांडीकुंडी, खाली जाळीच्या आड कोकरं. स्प्रिंगच्या कमानपाट्यात जादा पान घालून गाडी उंच केली. पुढं मोठा बंपर लावला. गावातली पोरं बघायला यायची. फक्त टायर राहिले होते. पहिल्या सालात जुन्याच गुळगुळीत टायरांवर गाडी नेली आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात ती इतक्या वेळा रुतली, की रानमालक लालासाहेबांचा ट्रॅक्टर दिसला की बिरदेव आपण होऊन दोरखंड काढायचा.

त्याच सालात आणखी एक झालं. हरणाबाईंचे गुडघे गेले. आधी त्या सगळ्यांच्या पुढे तळावर पोचायच्या. नानासो मेंढरं घेऊन येईपर्यंत तीन दगडांवर चहा उकळत असायचा. त्या साली त्या मागं पडायला लागल्या. मेंढरं बसली, वाघर लागली, कुत्री झोपली, तरी हरणाबाई वाटेवरच. दहिवडीच्या डॉक्टरनं सांगितलं, चालणं कमी करा. हरणाबाईंनी मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चालायचं न्हाई म्हंजी मग करायचं काय?"

घरी थांबणं काही अवघड नव्हतं. घरकुलाचं पक्कं घर होतं, सून समीक्षा अंगणवाडीत मदतनीस होती, नातवंडं होती. पण नानासोंना हरणाबाईंशिवाय वाडा हाकायची कल्पनाच करवेना. त्यांनी तसं बायकोला कधी सांगितलं नाही. तिला सोडून त्यांनी मुलाला सांगितलं, तेही पाठमोरं, वाघरीची गाठ सोडवता सोडवता, "औंदा तुझी आय गाडीत बसंल. गाडी जाईल तितं ती जाईल. तवा गाडी कुठं अडली न्हाई पायजे."

म्हणून ते आज वडूजला आले होते.

आकारामनं बिरदेवच्या मनातले रुंद टायर आधी काढले. ते जमिनीवर आडवे टाकले तेव्हा जात्यासारखा आवाज झाला.

"चिखलात हे पसरतं," आकाराम म्हणाला. "हवा थोडी कमी केली की आणखी पसरतं. रुतायचं नावच न्हाई."

"आणि हे चाक बॉडीच्या बाहेर किती येतंय?" नानासोंनी विचारलं.

"येतंय चार बोटं. तीच तर श्टाईल हाय."

"पाणंदीला दोन्ही अंगानं बाभळी हायत्या. आधी ह्या श्टाईलला काटं बसणार, मग गाडीला."

"आबा, फोटो बघा की एकदा," बिरदेव दारातून म्हणाला. "काय वाघासारखी दिसती गाडी."

"मेंढरामागं वाघ कशाला न्यायचा रं?"

आकाराम हसला आणि बिरदेवची बाजू त्यानं तिथंच सोडली. वर सांगितलं, की चाक एवढं बाहेर आलं की बेअरिंग लवकर खातं. बिरदेवला हे माहीत होतं. त्याला ते ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात नानासोंचा फोन वाजला. लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, रहिमतपूरजवळचा ऊसवाला. नानासोंची मेंढरं दर साली पहिल्यांदा त्याच्याच रानात बसायची.

"नानासो, सुना है नये टायर डाल रहे हो. बिरदेवनं फोटो टाकलाय," पलीकडून आवाज आला. "ते ट्रॅक्टरसारखं बटणाचं टायर माझ्या रानात आणू नका हां. ठिबकच्या नळ्या हायत्या. एक जरी फुटली तर तुमालाच फूँक मारायला बसवीन."

फोन ठेवून नानासोंनी मुलाकडे बघितलं. बिरदेव आकाशाकडे बघत होता.

मग नानासोंचा खरा बाजार सुरू झाला. त्यांनी आकारामला एकेक अडचण सांगितली आणि प्रत्येक अडचणीला उत्तर मागितलं. माणात वेड्या बाभळीचा काटा. वडुजाकडे ओढ्यातले गोटे. रहिमतपूरच्या पुढे काळा चिखल, वर कालव्याच्या पाण्यानं भिजलेल्या पाणंदी. बांध तर पावलोपावली. आणि कोकरं गाडीच्या पोटाशी असणार, तेव्हा हादरा बसता कामा नये. आकाराम टायर काढत राहिला, पाण्यानं पुसत राहिला. एकाची कड मऊ, काटा लगेच शिरेल. एकाची नक्षी फारच बारीक, चिखल भरला की गुळगुळीत. शेवटी नानासोंनी काठी टेकवली ती एका उंच, अरुंद टायरवर. जुन्या मिलिटरी गाडीला असतात तसले. नक्षी खोल, पण बटणं बोथट. कड जाड. लोखंडी चाकात बसणारे.

"उंच हाय. बांधाला पोट घासणार न्हाई," ते म्हणाले. "आणि बारीक हाय. चिखल चिरून खालच्या घट्ट जमिनीवर पाय टेकंल. घोड्यासारखं."

"आबा, मोटार हाय ती," बिरदेव म्हणाला.

"मग काय झालं? पायच हायत्या की."

टायर चढले. आधीच कमानपाट्यानं उंच झालेली जीप आणखी उंच झाली. नानासोंनी दाराची दांडी धरली, एक झोका घेतला आणि वर जाऊन बसले. साठी उलटली तरी पाय चांगले होते त्यांचे. वडुजापासून गावापर्यंत ते कुंपणांवरून दुसऱ्यांची रानं बघत आले. कुणाचं ज्वारीचं पीक कसं आलंय, कुणी विहिरीवर नवी मोटर बसवलीय, सगळं वरून दिसत होतं. इतकं खुशीत त्यांना बिरदेवनं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. अलॉयचं दुःख तो जरासं विसरला.

वाडा उठायच्या आधी एकदा बिऱ्हाड चढवून बघायची नानासोंची पद्धत होती. घोडी होती तेव्हाही ते एक दिवस आधी सगळं लादून बघायचे, कुठं टोचतंय का, कुठं कलतंय का. जीप अंगणात उभी केली. वरच्या मजल्यावर भांडी गेली. खालच्या मजल्यावर कोकरं गेली. ती तिथं जाळीला नाक लावून ओरडायला लागली, आणि त्यांच्या आया चाकांभोवती फिरायला लागल्या. सगळं बेतात बसलं. नानासो गाडीभोवती फिरून समाधानानं बघत होते.

"आता तू बस," ते हरणाबाईंना म्हणाले.

"बसते की. घाई काय हाय," हरणाबाई म्हणाल्या आणि पिठाच्या डब्याचं झाकण तपासायला गेल्या.

त्या दिवशी त्या बसल्याच नाहीत. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाल्या, "मी काय म्हंते, औंदा मी ऱ्हाते घरी."

नानासोंनी ताटातून हात उचलला. "का?"

"समीक्षाला पोरांचं झेपत न्हाई एकटीला."

"माझं काय नाव घेताय आत्या?" समीक्षा चुलीपलीकडून म्हणाली. "मी कवा म्हणाले झेपत न्हाई?"

"तू गप. तुला कळत न्हाई तुला काय झेपत न्हाई ते."

नानासोंनी जेवण अर्धवट सोडून हात धुतले. दुसऱ्या दिवशी ते मेंढरांवर विनाकारण ओरडले, कुत्र्यावर ओरडले, आणि बिरदेवला म्हणाले की गाडीचा हॉर्न फार मोठा आहे. हॉर्न बंद होता.

हरणाबाईंचं मन का फिरलं हे त्यांना कळेना. गुडघे दुखतात म्हणून? पण त्यासाठीच तर गाडी. लोक हसतील म्हणून? तसं असतं तर ती आधीच बोलली असती. चालणाऱ्या वाड्यात बसून जायची लाज तिला वाटणार हे नानासोंनी धरलंच होतं. त्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण हरणाबाई त्या विषयाकडे वळतच नव्हत्या.

कळलं ते असंच, गोठ्याच्या दारातून. बिरदेव गावात गेला होता, समीक्षा अंगणवाडीत. जीप अंगणात उभी होती. हरणाबाई एक अशक्त कोकरू घेऊन आल्या. दोन्ही हात उंच करून त्यांनी ते हौद्यात सोडलं. मग इकडे तिकडे बघितलं. मग पुढच्या दाराशी जाऊन दांडी धरली आणि उजवा पाय उचलला. पाय फूटरेस्टच्या खालीच राहिला. त्यांनी हातानं पातळ धरून गुडघा वर ओढला. टाच कशीबशी टेकली. पण अंगाचा भार त्या पायावर घेऊन वर जायचं, ते होईना. क्षणभर त्या तशाच, एक पाय वर, एक पाय खाली, दांडीला लोंबकळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग पाय खाली घेतला आणि त्याच जागी पदरानं दार पुसायला लागल्या, जणू त्या दार पुसायलाच आल्या होत्या.

नानासो गोठ्यातच थांबले. बाहेर गेले असते तर तिला कळलं असतं.

बांधाची उंची त्यांना तोंडपाठ होती. ओढ्यातल्या गोट्यांची होती. काटा किती लांब, चिखल किती खोल, कोकरू किती उंचावरून उडी मारतं, ठिबकची नळी किती भाराला फुटते, सगळ्याचं माप त्यांनी घेतलं होतं. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिचा पाय किती वर जातो, हे विचारायचं राहून गेलं. त्यांना स्वतःचाच अचंबा वाटला. पण थोडा वेळ विचार केल्यावर अचंबा उरला नाही. घोड्यावर बिऱ्हाड चढवायची अक्कल त्यांना पिढ्यांची होती. माणूस चढवायची कधी वेळच आली नव्हती.

त्यांनी बिरदेवला सगळं सांगितलं. बिरदेव म्हणाला, सोपं आहे, आणि देवघरातला चौरंग आणून दारापाशी ठेवला. हरणाबाईंना हाक मारली. त्या आल्या, चौरंगाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं की यांना कळलं आहे.

"गोठ्यातनं चोरून बघत हुतासा व्हय?" त्या म्हणाल्या.

"तू दार पुसत हुतीस तवा."

त्यावर हरणाबाई चौरंगावर चढल्या. तिथून गाडीत पाय टाकणं जमत होतं. पण तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काय हरणामावशी, कुणाच्या लग्नाची हळद हाय?" हरणाबाई झटकन उतरल्या. "मला काय ओवाळायचं हाय व्हय चौरंगावर उभं करून? रोज तळावर, परक्याच्या रानात, ह्यो तमाशा? मी न्हाई."

मग बिरदेवनं खाली लोंबती लोखंडी पायरी वेल्ड करून आणली. ती चांगली दिसत होती. पहिल्याच बांधावर ती मातीत घुसली, वाकली, आणि घरी येईपर्यंत गाडीला बांधलेल्या डब्यासारखी वाजत आली.

"टायरच बदलायला पायजेत," नानासो म्हणाले.

"आबा, तुमीच निवडलं हुतं."

"व्हय, मीच निवडलं हुतं. आता म्हंतोय बदलायला पायजेत."

"आणि मग बांध?"

"बांधाला वळसा घालू."

"आणि ओढा?"

"पुलावरनं जायाचं."

"पुलावरनं म्हंजी आबा, दुप्पट वाट. तुमी मेंढरं घेऊन मधनं जाणार, आमी फिरून येणार. तळावर भाकरी कवा मिळायची तुमाला?"

नानासोंनी काठी उचलली आणि म्हणाले, "तुझ्या आयला मोटारसायकलवर घे. गाडी गावातलं पोर आणंल. चाकं तिच्या पायानं घ्यायची."

वडूजला आकाराम म्हणाला, चिखल लागलेला टायर मी परत घेत नसतो. मग म्हणाला, दहिवडीच्या एका पाण्याच्या टँकरवाल्याला असलेच हवे आहेत. मग त्यानं हरणाबाईंकडे बघितलं आणि जॅक आणायला गेला. दुकानात दोनतीन गिऱ्हाइकं आणि रस्त्यावरची चार रिकामी माणसं जमली होती. हरणाबाई पदर डोक्यावरून पुढं ओढून दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. नानासो त्या माणसांकडे गेले आणि म्हणाले, "मंडळी, समोर चहा चांगला मिळतो म्हंत्यात. जाऊन बघा की. माझ्या नावावर घ्या." पहिल्यांदा कोणी हललं नाही. नंतर सगळेच गेले.

आधी बिरदेवनं कमानपाट्यातलं जादा पान काढलं.  मग आकारामनं जुन्या मापाचे बुटके टायर चढवले आणि जॅक खाली घेतला. हरणाबाई दांडी धरून चढल्या, सरळ, कुणाची मदत न घेता, आणि सीटवर बसल्या.

"झालं!" नानासो म्हणाले.

हरणाबाईंनी खाली वाकून चाकाकडे बघितलं. मग उतरल्या आणि गाडीच्या पोटाखाली बघितलं. "ही तर मांडी घालून बसलीया," त्या म्हणाल्या. "कोकरं भरल्यावर आणखी बसंल. बारक्या ढेकळावर पण घासंल. ही नगं."

"अगं, तुला चढता येतंय ना?"

"मला चढता येतंय. तिला चालता येत न्हाई. मग मी वर बसून करू काय?"

आकारामनं मधले काढले. उंची मधली, कड जाड, नक्षी खडीला आणि मातीला दोन्हीला चालणारी, बोथट. लालासाहेबांच्या नळ्याही वाचतील म्हणाला. हरणाबाईंनी पाय उचलला. पाय फूटरेस्टवर टेकला. पण भार घेऊन वर जाताना त्या मध्येच थांबल्या. थोडंसं कमी पडत होतं. जरासंच.

नानासोंचा हात आपण होऊन पुढे गेला. हरणाबाईंनी तो धरला आणि वर गेल्या.

आकाराम नटांचा डबा शोधायला लागला. डबा त्याच्या पायाशीच होता. बिरदेवनं तोंड फिरवलं. नवरा-बायकोचा एवढा संसार झाला होता, पण एकानं दुसऱ्याचा हात धरलेला त्यानं कधी बघितला नव्हता.

"हीच," हरणाबाई वरून म्हणाल्या.

"अगं, पर रोज हात द्यावा लागंल," नानासो म्हणाले. "चढताना आणि उतरताना."

"मग द्या की."

"मी मेंढरांम्होरं असतो. बिरदेव दील."

"बिरदेवला गाडी दिसती. त्याला मी दिसत न्हाई."

"आये!" बिरदेव म्हणाला.

"खोटं हाय व्हय? एवढी गाडी फुगवलीस, कवा विचारलंस का, आय तू कुठनं चढशील?" मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, पण नानासोंना तेच विचारलं नाही. "ह्यांचा हात असू दे," एवढंच म्हणाल्या.

आकारामनं नट आवळले, हवा बघितली. हवा चिखलात किती कमी करायची, डांबरीवर परत किती भरायची, हे बिरदेवला समजावलं. चहाला गेलेली माणसं परत येत होती. हरणाबाई गाडीतच बसून राहिल्या. पुन्हा उतरायचं म्हणजे पुन्हा हात, आणि तो लोकांसमोर. त्यापेक्षा घरापर्यंत गाडीतच बरं. परतताना मोटारसायकलवर नानासोंना त्या गावातल्या पोरामागे बसून यावं लागलं.

वाडा उठला त्या दिवशी मेंढरं नेहमीसारखी पहाटे निघाली नाहीत. बिऱ्हाड चढलं, कोकरं चढली, मग नानासोंनी काठी बगलेत धरून हात पुढे केला. अंगणात शेजारपाजार जमला होता. हरणाबाईंनी इकडे तिकडे बघितलं नाही. हात धरला, चढल्या, आणि हात सुटायच्या आत म्हणाल्या, "सोडा आता. मेंढरं पांगली." नानासो धावत मेंढरांमागे गेले. त्यांना कोणी काही म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी ते ऐकायला तिथं थांबले नसते.

मेंढरं मधल्या वाटेनं, ओढ्यातून, बांधांवरून गेली. जीप पुलावरून फिरून. पहिला तळ वडुजाच्या अलीकडे एका कापणी झालेल्या रानात होता. नानासो पोचले तेव्हा ऊन अजून होतं. रान मोकळं. तीन दगड नाहीत, धूर नाही, कोणी पदर खोचून वाट बघत उभं नाही. त्यांनी मेंढरं बसवली. दगड आणून मांडले. काटक्या गोळा केल्या. चहाचं सामान गाडीत होतं. मग त्यांना दुसरं काही करायचं उरलं नाही.

वाट बघणं त्यांना अजून नवंच होतं. मागचं साल सोडलं तर उभा जन्म ते शेवटी पोचले होते आणि तळ तयार मिळाला होता. ते बांधावर चढले, उतरले. रस्त्यापर्यंत गेले आणि आले. एक मालट्रक गेला, एक एसटी गेली. कोकरांच्या आया रस्त्याकडे तोंड करून ओरडत होत्या, आणि त्यांच्यात जाऊन नानासोही रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

ऊन कलल्यावर वळणावर जीप दिसली. सावकाश, खड्डे चुकवत, धूळ न उडवता येत होती. रानाच्या कडेला बिरदेवनं थोडी हवा कमी केली, मग ती हळूच आत आली आणि दगडांच्या शेजारी थांबली.

"लय उशीर," नानासो म्हणाले.

"लांबनं आलो," हरणाबाई वरून म्हणाल्या. "रस्त्यात एका कोकराला पाणी पाजलं. दोन बाया भेटल्या वळकीच्या, त्यांच्याशी बोललो. गाडीतनं लय दिसतं वो. तुमी सांगितलंच न्हाईत कधी."

"मी एक-दोनदाच बसलो हुतो."

"मग उद्या बसा. मी हाकते मेंढरं."

"गुडघ्यानं?"

"तोंडानं. तुमी तेच करता की."

बिरदेव हौद्याची जाळी उघडायला गेला. कोकरं एकमेकांवर पडत खाली आली आणि आपापल्या आया शोधत पळाली. नानासो दाराशी उभे होते. त्यांनी काठी गाडीला टेकवून ठेवली, हात धोतराला पुसला आणि वर केला.

"थांबा जरा," हरणाबाई म्हणाल्या. "आधी चहाची पिशवी घ्या. मग मला."

नानासोंनी आधी पिशवी घेतली.